दोनदा वाजलेली घंटी

पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस मलाच बोलावतोय. टेबलावरची घंटी वाजली की मी आपला उठून उभा. "काय, अण्णा?" "काय न्हाई. बसा." जरा वेळानं पुन्हा वाजली. पुन्हा मी उभा. दुपारपर्यंत असा उठून-बसून माझा जीव मेटाकुटीला आला, आणि दारातला शिपाई मात्र तोंडावर हात धरून हसत होता. शेवटी मी चिडून विचारलं, "अहो, मग वाजवता कशाला?" अण्णा शांतपणे म्हणाले, "एकदा वाजली तर आलं. दोनदा वाजली तर बदललं. तुमचा काय संबंध न्हाई त्यात."

असा माणूस. त्यांच्याबरोबर पाच वर्षं एका टेबलाला बसलो मी. अजून कुठं सायकलची घंटी वाजली की आधी मनात मोजतो.

ऑफिस म्हणजे साखर कारखान्याचं गट ऑफिस. पलूसहून कडेगावकडं जाताना रस्त्याला लागून दोन खोल्या, पुढं कडुनिंब आणि त्याखाली गाड्या सोडायची जागा. मी फलटणचा. नवा नवा कारकून म्हणून आलो होतो. दुष्काळ सरून पाऊसपाणी रुळावर आलं होतं आणि जो तो उसाच्या मागं लागला होता. शेतकऱ्यानं ऊस लावला की आमच्याकडं येऊन नोंद करायची. एका रानाचं एक कार्ड. त्यावर नाव, सर्व्हे नंबर, उसाची जात आणि नोंदीची तारीख. तोडणीची पाळी लागायची ती या तारखेवर. लावल्याची तारीख लोक हवी तशी मागं ओढून सांगायचे, म्हणून नोंदीचीच धरायची असा कारखान्याचा नियम.

आता गंमत अशी, की नोंद झाल्यावर माणसं गप्प बसतात थोडीच? कुणाची मोजणी चुकलेली असायची, कुणाच्या वाटण्या व्हायच्या. कुणी सातशे चाळीस जात सांगून भलतंच बेणं लावलेलं असायचं. मग कार्ड बदलायचं. आणि वरून हुकूम असा, की खाडाखोड केलेलं कार्ड चालणार नाही. म्हणजे काही बदललं की कोरं कार्ड घ्यायचं, सगळं नव्यानं लिहायचं आणि जुनं फाडून शिपायाच्या चुलीत, चहाला! संध्याकाळी गठ्ठा बघावा तर सगळी कार्डं सारखी, कोरी करकरीत. त्यातलं नवं रान कुठलं आणि जुनंच नव्यानं लिहिलेलं कुठलं, ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं.

हे अण्णांना फार महागात पडलं होतं. मी यायच्या आधीची गोष्ट, शिपायानं सांगितलेली. एका वर्षी त्यांनी बदललेली कार्डंसुद्धा नवी म्हणून वर कळवली. कारखान्याला वाटलं, बापरे, यंदा या गटात ऊसच ऊस! जादा टोळ्या मागवल्या. लांबून बायकापोरांसकट माणसं आली, कॅनॉलच्या कडेला खोपी घालून बसली आणि तोडायला ऊसच नाही. बैल नुसते उभे. अण्णा रोज सकाळी स्वतःच्या घरची वैरण घेऊन जायचे आणि त्या बैलांपुढं टाकून मान खाली घालून परत यायचे. कुणी त्यांना काही बोललं नाही म्हणे, पण त्याच हंगामात त्यांनी आपल्या सायकलची घंटी काढली आणि टेबलाला स्क्रूनं आवळून टाकली.

नवं कार्ड लिहिलं की एकदा. असलेलं बदललं की दोनदा. दाराबाहेर शिपायाजवळ दोन मडकी असायची. एकदा वाजली की पहिल्यात एक चिंचोका, दोनदा वाजली की दुसऱ्यात. संध्याकाळी मडकी उपडी करायची, चिंचोके मोजायचे आणि वर तेवढे दोन आकडे कळवायचे. कार्डं आमच्याकडंच राहायची. हसलो मी पहिल्यांदा. पण नंतर त्या आकड्यात कधी चूक निघाली नाही, हे कबूल केलं पाहिजे.

सायकलला घंटी नाही म्हणून रस्त्यानं जाताना अण्णा तोंडानं ओरडत. "ओ म्हशीवालं! बाजूला!" आवाज असा खणखणीत, की म्हैस आधी बाजूला व्हायची आणि म्हशीवाला मागून.

आणि कुणी नुसतं विचारायला आलं, कार्ड काढून बघितलं, काहीच बदललं नाही, तर घंटी नाही. अण्णा हात घंटीपर्यंत न्यायचे आणि तसाच मागं घ्यायचे. लोकांना ते फार लागायचं. एवढ्या लांबून चालत यायचं आणि घंटी नाही म्हणजे काय! एक म्हातारा तर हट्टालाच पेटला. "आण्णा, बांधाकडचं दोन गुंठं कमी लिवा, पन वाजवा." अण्णा म्हणाले, "खोटं लिवून वाजवीत न्हाई." म्हातारा दोन दिवस आमच्या कडुनिंबाखाली रुसून बसला होता.

मूळचे अण्णा सांगलीकडचे, जैन. दिवस मावळायच्या आत जेवण. कांदा-बटाटा वर्ज्य. साहेब असोत नाहीतर चेअरमन, ऊन कडुनिंबाच्या शेंड्याला गेलं की अण्णा पेन खाली ठेवून डबा उघडणार. घर ऑफिसच्या मागंच होतं आणि त्यांच्या मंडळी, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, डबा स्वतः आणून द्यायच्या. अक्का बोलायला तिखट. अण्णांना सरळ करणारं तेवढं एकच माणूस होतं भूतलावर.

सगळ्या जगाला अण्णांचा एकच प्रश्न असायचा, "आलं का बदललं?" मला ताप आला तर "नवा, का परवाचाच?" माझं लग्न झालं, पेढे घेऊन गेलो, तर हात घंटीवर नेऊन हे विचारात पडले. म्हणाले, "सूनबाई घरात आली. पन ती नवी कशी? होतीच की जगात. घर बदललं. दोन वाजवाय पायजेत." अक्का डबा ठेवून वळल्या. "आवं, मी आले तवा नवीच आलेवते. तुमाला कळलं न्हाई ते तुमचं नशीब." अण्णांनी त्या दिवशी घंटीच वाजवली नाही. पेढा तेवढा खाल्ला.

त्यांच्या छत्रीचीही एक कथा आहे. आधी कापड बदललं, तेव्हा म्हणाले, छत्री तीच. मग काड्या बदलल्या, तरी तीच. मग एकदा सांगलीला गेले असताना दांडा मोडला आणि दुकानदारानं नवा बसवून दिला. परत आले ते तोंड पाडूनच. दोन दिवस छत्री कोपऱ्यात उभी आणि अण्णा तिच्याकडं बघत बसलेले. मी म्हटलं, "अण्णा, सोडा की आता!" ते म्हणाले, "तसं न्हाई. काय धरून एकादी गोष्ट तीच म्हनायची, ते आधी ठरलं पायजे." छत्रीचं ठरलं नाही. अक्काच ती घेऊन बाजाराला गेल्या. रानाचं मात्र त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. "मानसाची नावं येतात-जातात. सर्व्हे नंबर हालत न्हाई. रान तेच, तर नोंद तीच."

या त्यांच्या ठरलेल्यावर एका बाईचं सगळं येऊन ठेपलं. शालन तिचं नाव.

शालनचा नवरा मिलिटरीत. वर्षातून एकदा सुट्टी, तीही मिळाली तर. घरी सासरा होता, तो रान बघायचा. त्यानं आषाढात ऊस लावला, येऊन नोंद केली, आणि पुढच्या चैत्रात गेला. नवरा आला, दिवस केले आणि जाताना सांगून गेला. "यंदाचं वरीस तू बघ. ऊस येळंवर कारखान्याला गेला, तर रान तुज्याकडं ऱ्हाईल. न्हाई जमलं, तर तुज्या भावजीला वाट्यानं देऊन टाकू." भावजी म्हणजे तिचा चुलत दीर. शेजारचंच रान त्याचं, आणि याही रानावर त्याचा डोळा होता हे सगळ्या गावाला ठाऊक. शालननं ते वर्ष कसं काढलं, ते मी डोळ्यानं बघितलंय. पाण्याच्या पाळीला बाई स्वतः बांधावर खोरं घेऊन उभी असायची. गावातले दोघे-तिघे टवाळ फिदीफिदी हसायचे आणि ती त्यांच्याकडं ढुंकून बघायची नाही.

भाद्रपदात ती कार्डावरचं नाव बदलायला आली. पर्युषणाचे दिवस होते. अण्णांना उपास, नुसत्या पाण्यावर, ओठ सुकलेले. रांग ही एवढी मोठी आणि रांगेत मागं तिचा तो दीरही उभा. मी शेजारीच होतो.

"नाव कुनाचं लावायचं?" अण्णांनी विचारलं.

"माजं लावा." रांगेतून कुणीतरी हसलं. शालननं पदर नीट केला. "आन आण्णा, माज्यापायी एकच वाजवा. मी पैल्यांदाच आलेय हितं. मी नवी हाय."

अण्णांनी चष्मा वर केला. "रान हाललं का जाग्यावरनं?"

"न्हाई."

"ऊस कुनी लावला?"

"मामंजींनी."

"मग दोन. तू नवी न्हवंस, पोरी. त्यांचंच तुज्यात फुडं चाललंय."

आणि त्यांनी घंटी वाजवली. एक. दोन. शालन इतका वेळ ताठ उभी होती, ती एकदम पदरात तोंड घालून रडायलाच लागली. हसणारासुद्धा पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. बाहेर मडक्यात चिंचोका पडल्याचा आवाज आला तेवढाच.

दिवाळीच्या तोंडावर नवे शेतकी अधिकारी आले. पुण्याकडचे, तरुण, कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी सगळी कार्डं तारखेवार लावली आणि पाळ्यांचं पत्रक दाराला चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शालन दारात. चेहरा पांढराफटक.

"आण्णा, माजी पाळी शिमग्याच्या बी फुडं लागलीया. आवं, उसाला तुरं आल्यात! तवर काय ऱ्हाईल रानात? चिपाडं?"

अण्णा हसले. "चुकलं आसंल. थांब." त्यांनी खणातून कार्ड काढलं आणि बघितलं. मग चष्मा काढून पुसून पुन्हा बघितलं. अक्षर त्यांचंच. नाव बरोबर, सर्व्हे नंबर बरोबर. तारीख मात्र भाद्रपदातली. कार्ड बदललं तरी जुनी तारीख तशीच उतरवून घ्यायची, हा त्यांचाच शिरस्ता, आमच्या सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकून बसवलेला. आणि त्या दिवशी उपासाच्या तंद्रीत, दोनदा घंटी वाजवून, त्यांनी स्वतःच त्या दिवसाची तारीख घातली होती! अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

साहेबांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. म्हणाले, "ऊस जुना आहे हे मला बांधावरूनही दिसेल. पण ऊस लावून वर्षभर नोंद न करणारे लोकही आहेत. त्यांना मी आधीची पाळी दिली तर वेळेवर आलेल्यांनी काय करायचं? जुनं कार्ड दाखवा."

जुनं कार्ड चहाखाली जळलं होतं. सासऱ्याला मिळालेली नोंदीची चिठ्ठी बदलाच्या वेळी जमा करून घ्यायची पद्धत, तीही गेली.

"मी दोनदा वाजवलीवती," अण्णा म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला आधी दुसरंच कुणी बोललंसं वाटलं.

"घंटी?" साहेबांना हसू आवरेना. "अहो, घंटीचा पुरावा कसा धरू मी? चिंचोक्यांवर काय नावं असतात का?"

मी मध्ये पडलो, की मी होतो तिथं, मी ऐकलंय. तर म्हणाले, "तुम्ही त्यांच्याच टेबलाचे." माझं डोकं असं तापलं! पण खरं बोलायचं तर त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

त्या दिवसापासून अण्णांनी घंटीवर रुमाल टाकला. कार्डं लिहायचे, पण वाजवायचे नाहीत. शिपाई खिडकीतून डोकं घालून "आण्णा, कुठल्या मडक्यात?" विचारायचा आणि हे नुसतं बोट दाखवायचे. अक्का डबा आणायच्या आणि भरलेलाच परत न्यायच्या. तिसऱ्या दिवशी अक्का दारात थांबल्या. नेहमीसारखं काही टाकून बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. तर म्हणाल्या, "तिचा ऊस गेल्याबिगर ह्यांच्या नरड्याखाली घास उतरायचा न्हाई. तुमी कायतरी करा." मी काय करणार, कपाळ! मी नवा कारकून.

शेवटी अण्णांनीच डोकं वर काढलं. साहेबांपुढं जाऊन म्हणाले, "बाजाराच्या दिवशी त्या रांगेतली मानसं गावात येत्यात. त्यास्नी एकेकाला आत बोलवा. मी भायेर बसतो, ही पोरगी बी भायेर बसंल. एकच इचारा, की हिच्या येळंला घंटी कितींदा वाजली. एकानं जरी येगळं सांगितलं, तर पत्रक हाय तसं ऱ्हाऊ द्या." साहेबांना बहुधा गंमत वाटली. हो म्हणाले.

बाजाराच्या दिवशी आत साहेब आणि मी. बाहेर कडुनिंबाखाली अण्णा एका दगडावर, शालन दुसऱ्या दगडावर. पहिला आला तो दोन गुंठ्यांसाठी रुसलेला म्हातारा. साहेबांनी विचारलं. "दोन," म्हातारा म्हणाला. "माजी त्या दिवशी बी न्हाई वाजली. हिच्या दोन वाजल्या. ध्येनात ऱ्हानार न्हाई व्हय?" दुसरा आला, त्यानं आधी कुणाची वाजली, नंतर कुणाची, सगळं ओळीनं सांगितलं. हिच्या दोन. तिसरा, चौथा, दोन. एक तर घंटीकडं बघूनच दोन बोटं वर करून मोकळा झाला. माझ्या लक्षात आलं, की या माणसांना आपापली घंटी तर पाठ आहेच, दुसऱ्याचीही आहे.

साहेब मात्र मागं रेलून म्हणाले, "सगळे एका गावचे. बाईची कीव येऊन ठरवून सांगत असतील. हिचा ऊस राहिला तर ज्याचा फायदा आहे, असा कुणी होता का रांगेत?"

मी दाराकडं बघितलं. कारण होता. दारातच उभा होता, पटका हातात घेऊन. साहेबांनी त्याला आत घेतलं. शालनचा दीर. खिडकीतून शालनला तो आत गेलेला दिसला, तशी ती उठून उभी राहिली.

"घंटी किती वेळा वाजली?"

त्यानं पटका या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "साहेब, ते रान मला पायजे हाय. खोटं कशाला बोलू? लय दिसापासनं पायजे हाय."

"मी घंटीचं विचारतोय."

"दोन वाजल्या." त्यानं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. "आण्णा म्हनलं, त्यांचंच फुडं चाललंय, आन दोन वाजिवल्या. तवा आमच्या तात्याची, हिच्या सासऱ्याची, याद येऊन मी बी डोळं पुसलं. आता वाजल्याच न्हाईत म्हनू व्हय? आन तारीख पायजे आसंल तर ती बी घ्या. तात्या बेंदराच्या दुसऱ्या दिशी नोंदीला आलेवते. मीच गाडी हाकीत आनलं. बैलांच्या शिंगास्नी आदल्या दिवसाचा रंग तसाच होता."

साहेबांनी पंचांग मागवलं, बेंदराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख काढली आणि कार्ड माझ्यापुढं सरकवलं. "कोऱ्या कार्डावर लिहा. ही तारीख घाला." बस्स, एवढंच. माझा जीव भांड्यात पडला. मी लिहिलं. माझं अक्षर आयुष्यात पुन्हा इतकं वाकडं कधी आलं नाही. बाहेर शिपायानं ओरडून सांगितलं आणि कडुनिंबाखाली एकच गलका झाला. दीर मात्र कुणाशी न बोलता पटका बांधत निघून गेला. शालन त्याच्या मागं चार पावलं गेली. "भावजी, च्या घेऊन जावा," म्हणाली. तो थांबला, पण वळला नाही. "ऊस जाऊ दे आधी. मग येतो," म्हणाला आणि गेला.

साहेबांनी बाहेर येऊन अण्णांना विचारलं, "काय, आता किती वाजवणार?" अण्णांनी रुमालाला हात लावला नाही. "ऊस जाऊ द्या," तेही हेच म्हणाले.

पंधरवड्यात टोळी तिच्या रानात शिरली. पाचट सळसळ वाजायला लागलं, मोळ्या बांधावर आल्या. त्या दिवशी दुपार कलल्यावर शालनच्या उसाची पहिली गाडी आमच्या ऑफिसवरून निघाली. आम्ही सगळे दारात. गाडीपुढं शालन चालत होती. कडुनिंबाशी गाडी थांबवून ती आत आली, हात उसाच्या कुसांनी ओरबाडलेले, केसांत पाचट. अण्णा आपले खुर्चीत कार्ड लिहीत बसलेले, जसं काही दिसलंच नाही. ती टेबलाशी आली. तिनं घंटीवरचा रुमाल उचलला, घडी करून बाजूला ठेवला आणि आपल्या हातानं घंटी वाजवली. एक. दोन.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. तिच्याकडं बघितलं. मग मागच्या दाराकडं तोंड करून त्यांनी जोरात हाक मारली, म्हैस बाजूला करायचे तशीच.

"अगं ए! डबा आन! भूक लागलीया!"

अक्का दारातच उभ्या होत्या, डबा हातात घेऊन. "बहिरी न्हाई मी," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावत त्यांनी डबा टेबलावर आदळला. ऊन अजून कडुनिंबाच्या बुंध्याशी होतं. त्या दिवशी अण्णा पोटभर जेवले, आणि शालनलाही हात धुवायला लावून समोर बसवून जेवू घातलं. गाडीवान बाहेर हाका मारत होता, त्याला कुणी दाद दिली नाही.

संध्याकाळी मडकी उपडी केली. दुसऱ्या मडक्यात एक चिंचोका जास्त निघाला. घंटी दोनदा वाजली म्हणून शिपायानं सवयीनं टाकलेला. कार्ड काही कुठलं बदललं नव्हतं. मी तो उचलून बाहेर टाकायला गेलो, तर आकड्यासाठी जीव टाकणाऱ्या अण्णांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या तो," ते म्हणाले. "मोजा."